संपादकानं भिंत सोडायची नाही

माझ्या केंद्रात अकरा शाळा होत्या. त्यातल्या दहा शाळांत काय चाललंय हे मी टेबलावर बसून सांगू शकत असे, कारण दहाही शाळांचे कागद सारखेच यायचे. अकराव्या शाळेसाठी मात्र गाडी काढावी लागायची. मी केंद्रप्रमुख होते, म्हणजे शिक्षकांची साहेब आणि साहेबांची कारकून. एटापल्लीच्या पुढे, खनिजाचे ट्रक जातात तो लाल रस्ता सोडून आत वळलं की नऊ किलोमीटर जंगल, मग एक नाला, मग वीस-बावीस घरांचं गाव. तिथे एक खोली, एक व्हरांडा, नऊ मुलं आणि एक गुरुजी.

पहिल्या भेटीत मी रजिस्टर मागितलं तर गुरुजी म्हणाले, "रजिस्टर नंतर पाहा, बाई. आधी भिंत वाचा."

व्हरांड्याच्या आतली अख्खी भिंत त्यांनी जमिनीपासून मुलांच्या हाताच्या उंचीपर्यंत काळी रंगवली होती. वर खडूनं लिहिलं होतं, 'आमचा ब्लॉग'. खाली तारीख, वार, हवा. त्याखाली मुलांनी लिहिलेल्या चार-पाच ओळी, आणि उजवीकडे एक चौकट 'कमेंट'साठी. गावात रेंज नव्हती. वीज आली तर यायची. संगणक नव्हता. मुलांनी इंटरनेट कधी पाहिलं नव्हतं. तरी ती रोज ब्लॉग लिहीत होती.

मी विचारलं, "याचा उपयोग काय?"

"उपयोग?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भाताचा उपयोग विचारला. "पोरगं घरी माडिया बोलते. पुस्तक पुण्याचं बोलते. मी आरमोरीचा, मी झाडी बोलतो. त्यानं लिवाचं तरी कोनाचं? म्हनून म्हटलं, तुह्यंच लिव."

तेव्हा त्यांचं वय पन्नासच्या वर असेल. बारीक अंगाचे, कानामागे पेन्सिलीचा तुकडा, खांद्यावर दुपट्टा. मोबाइल ते स्टीलच्या डब्यात ठेवायचे, भाकरी ठेवावी तसा, फडक्यात गुंडाळून. शाळेच्या कौलांवर सौरदिव्याची एक जुनी पाटी होती, तिच्यावर तो चार्ज व्हायचा. शनिवारी शाळा सुटली की ते भिंतीचे फोटो काढत, मजकूर वहीत उतरवून घेत आणि मोटारसायकलवरून लाल रस्त्याच्या तोंडाशी जात. तिथे एका ऐनाच्या झाडाखाली रेंज मिळे. लोक त्या झाडाला टॉवरच म्हणत. झाडाच्या बुंध्याला टेकून, एका बोटानं, अक्षर शोधत शोधत ते आठवडाभराच्या नोंदी टाकत. दोन-दोन तास लागायचे. ट्रक गेला की अंगावर लाल धूळ बसायची आणि ते आधी डब्याचं झाकण लावायचे, मग तोंड पुसायचे.

मुलांच्या लेखनातलं काहीही ते दुरुस्त करत नसत. "मले, तुले" तसंच. मधेच येर आलं तर येर. बाहेरच्या वाचकांसाठी कंसात 'पाणी' लिहा, असं मी सुचवलं. ते म्हणाले, "ज्याले तहान लागन तो विचारन."

त्यांची एक पद्धत होती. दर सोमवारी एक मूल आठवड्याचं संपादक व्हायचं. खडूचा डबा त्याच्या ताब्यात. कोण काय लिहिणार ते त्यानं ठरवायचं आणि दिवसभर भिंत राखायची. राखायची म्हणजे खरोखर राखायची, कारण गावातल्या शेळ्या व्हरांड्यात येऊन भिंतीला अंग घासत आणि सकाळचा मजकूर दुपारी पुसलेला असे. म्हणून नियम केला होता : संपादकानं भिंत सोडायची नाही. मुलं हा नियम पाढ्यासारखी म्हणत. मला तो गमतीचा वाटला होता.

दुसरी पद्धत कमेंटची. ब्लॉगवर बाहेरून कोणी काही लिहिलं, तर गुरुजींनी मंजुरी दिल्याशिवाय ते दिसत नसे. गुरुजी स्वतः मंजुरी देत नसत. सोमवारी वर्गात कमेंट वाचून दाखवत आणि विचारत, "ठेवाची का?" मुलं ठरवत.

मी एकदा तालुक्याच्या ऑफिसातून ब्लॉग उघडला आणि केंद्रप्रमुखानं लिहावं तसं लिहिलं : 'अतिशय स्तुत्य उपक्रम. सर्व विद्यार्थ्यांचे व शिक्षकांचे हार्दिक अभिनंदन.' आठ दिवस झाले, पंधरा झाले, ती काही दिसेना. पुढच्या भेटीत मी विचारलं. गुरुजी जरा घुटमळले.

"बाई, पोरायनं नाई म्हटलं."

"का?"

त्यांनी वर्गाकडे पाहिलं. तिसरीतली एक मुलगी उभी राहिली. जैनी तिचं नाव. केस तेल लावून चोपलेले, नजर सरळ. ती म्हणाली, "त्यात काई नोयतं जी. आमी मासोळीचं लिवलं होतं, तुमी मासोळीचं काईच नाई लिवलं."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमी वाचलंच नाई."

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी खडूनं कमेंटच्या चौकटीत एक आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "बाईची कमेंट यायची आहे." ती रिकामी जागा त्यांनी पुढे कित्येक दिवस तशीच ठेवली होती. मला राग आला होता हे मी कबूल करते. जैनी म्हणाली ते खरं होतं, म्हणून जास्त आला.

ते गुरुजी सहकाऱ्यांत फार आवडते नव्हते. तंत्रज्ञानाच्या एका प्रशिक्षणात तज्ज्ञांनी अर्धा दिवस व्हिडिओ दाखवले आणि शंका विचारायला सांगितलं. सगळ्यांना जेवायची घाई. हे उभे राहिले. "साहेब, चुलीचा फोटो दाखवून भात शिजते का?" तज्ज्ञ म्हणाले, मुलं बघून शिकतात. हे म्हणाले, "मी बी दोन घंट्यापासून पाहूनच राह्यलो. शिकलो असतो तर विचारलं असतं का?" जेवणात त्यांच्या पंगतीला कोणी बसलं नाही. माझ्याशेजारी येऊन ते म्हणाले, "जय भीम बाई, मी काई चुकीचं बोललो का?" मी म्हटलं, चुकीचं नाही, पण वेळ चुकली. त्यावर ते बराच वेळ विचार करत भात कालवत राहिले.

त्यांची सर्वांत मोठी शाबासकी चार शब्दांची होती, "बरं हाये, खरं हाये." 'छान' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. ब्लॉग किती जणांनी पाहिला तो आकडा ते सोमवारी जाहीर करत. "या हप्त्यात तीन जनायनं वाचलं." मुलं टाळ्या वाजवत. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले होते, "एक मी, एक आरमोरीची बायको. तिसरा कोन हाये कोनास ठाऊक. पन हाये कोनीतरी." त्या तिसऱ्या माणसासाठी ते दर शनिवारी नऊ किलोमीटर जात.

आता मूळ गोष्टीकडे येते.

कमी पटाच्या शाळांची यादी दरवर्षी निघे आणि तिच्यात ही शाळा दरवर्षी असे. दरवर्षी मी एकच वाक्य लिहून ती यादीतून काढून घेत असे : 'पट कमी आहे, परंतु उपस्थिती पूर्ण आहे व पुढील शाळा नाल्यापलीकडे आहे.' नाल्यावर पूल नव्हता. पावसाळ्यात चार महिने पलीकडच्या शाळेत जाणं लहान मुलांना शक्य नव्हतं. शाळा बंद म्हणजे मोठी मुलं आश्रमशाळेत जातील आणि लहान, विशेषतः मुली, घरी राहतील. हे गावाला माहीत होतं, गुरुजींना माहीत होतं, मला माहीत होतं. वाक्य दोन वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षी वरून निरोप आला की या खेपेला वाक्यांवर काम होणार नाही, काही ठोस दाखवा.

मी ठरवलं, ब्लॉग दाखवायचा. असा ब्लॉग तालुक्यात कुणाचा नव्हता. पडद्यावर एकदा दाखवला की शाळेला हात लावायची कुणाची हिंमत होणार नाही, असा माझा हिशेब होता. गुरुजींना सांगितलं तर ते म्हणाले, "दाखवा ना. लपवाचं काय हाये त्यात? पन आधी वाचून घ्या बाई सगळं."

"हो, वाचते," मी म्हटलं. मला अकरा शाळांची माहिती भरायची होती. मी वरवर चाळला. मासोळीचं वाचलं, अस्वलाचं वाचलं, बरं वाटलं, पुढे गेले.

तालुक्याच्या बैठकीत मी बोलले चांगलं. गटशिक्षणाधिकारी साहेबांनीही मान डोलावली. मग ते म्हणाले, "जरा खाली घ्या. अजून खाली." मार्च महिन्याची एक नोंद होती. भिंतीचा फोटो आणि खाली गुरुजींनी टाइप केलेला मजकूर. साहेबांनी तो मोठ्यानं वाचला.

"'आज बुधवार. हवा गरम. शाळेत कोनी नाई. मी एकटीच आहो. सगळे मोहाले गेले.'" ते थांबले. "बाई, या तारखेची हजेरी काय दाखवली आहे?"

हजेरी मला पाठ होती. मीच वर पाठवली होती. नऊपैकी नऊ.

मोहाचे दिवस काय असतात ते आमच्या भागात सांगावं लागत नाही. पहाटेपासून फुलं पडतात आणि ती वेचायला अख्खं घर झाडाखाली असतं, लेकरांसकट. त्या दिवसांत जंगलातल्या शाळा रिकाम्या असतात आणि रजिस्टरं भरलेली. सगळे असंच करतात. साहेबांना वाटलं, इथेही तेच झालं. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. मी दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि तावातावानं गेले.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "हजेरी खरी हाये."

"आणि भिंत?"

"ते बी खरं हाये."

झालं होतं असं, की मोहाच्या तीन आठवड्यांत पोरं येत नाहीत म्हणून गुरुजीच शाळा उचलून मोहाखाली नेत. फुलं वेचून झाली की तिथेच गोल करून वाचन, टोपल्या मोजून गणित. आठ मुलं तिथे होती. नववी जैनी. तिचा संपादकाचा आठवडा होता आणि संपादकानं भिंत सोडायची नाही. ती एकटी शाळेत बसून राहिली, तिनं पाहिलं ते लिहिलं. दुपारी गुरुजी परत आले, वाचलं, म्हणाले, "बरं हाये, खरं हाये," आणि शनिवारी टाकून दिलं. आपण काय टाकतोय हे त्यांना कळलं नाही असं नाही. त्यात काही वावगं असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

मी व्यवहारी बाई आहे. मी मार्ग काढून आणला होता. विनापरवानगी शाळा बाहेर नेली, मुलीला एकटं ठेवलं, हे लिहिलं तर आणखी वाईट. त्यापेक्षा सोपं होतं. मी म्हटलं, "लिहून द्या की ते काल्पनिक लेखन होतं. 'मी शाळेत एकटी असते तर' असा विषय दिला होता म्हणा. तिसरीत निबंध असतोच. प्रकरण तिथेच संपतं. शाळा वाचते."

"अन् चौकशीले कोनी आलं तर? जैनीले विचारन ना तो."

"ती सांगेल, निबंध होता म्हणून. तुम्ही सांगितलं तर सांगेल ती."

गुरुजींनी कानामागची पेन्सिल काढली, पाहिली, परत ठेवली. "बाई, ते पोरगी पयल्या वर्गात तोंड उघडत नोयती. तीन वर्सं मी तिले एकच सांगून राह्यलो, जे पाह्यलं ते लिव. आता तिनं लिवलं. आता मी तिले म्हनू, तू खोटं लिवलं म्हन?"

"नऊ मुलांची शाळा आहे, गुरुजी. एका वाक्यासाठी घालवाल?"

"शाळा काऊन पाह्यजे, बाई? लिवाले ना?"

मी त्यांना हट्टी म्हटलं. आणखीही काही म्हटलं. सारा गाव व्हरांड्याबाहेर उभा होता आणि जैनीचा बाप मधेच म्हणाला, "गुर्जी, लिवून द्या ना जी. पोरगी लहान हाये, तिले का समजते." गुरुजींनी त्याचं ऐकून घेतलं आणि आत गेले. कागदावर खुलासा लिहून आणला. तीन ओळी होत्या : 'विद्यार्थिनीने लिहिले ते खरे आहे. हजेरी खरी आहे. त्या दिवशी शाळा मोहाखाली होती.'

तो कागद मी वर दिला. साहेबांनी वाचला, चष्मा काढला आणि त्यांना हसू आलं. "शाळा झाडाखाली भरते म्हणतात. मग इमारत कशाला पाहिजे?" टेबलाभोवतीचे सगळे हसले. शाळा बंद करायच्या प्रस्तावावर माझी सही लागणार होती. मी केली.

पावसाळ्याच्या आधी शाळा बंद झाली. कागदावर तिला समायोजन म्हणतात. नऊपैकी चार मुलं आश्रमशाळेत गेली, दोन नाल्यापलीकडे जाऊ लागली आणि पहिल्या पुरात थांबली, तीन घरीच राहिली. त्या तिघांत जैनी होती.

गुरुजींना तालुक्याच्या गावच्या मोठ्या शाळेत दिलं. तिथे संगणकखोली होती, रेंज होती, सगळं होतं. मुख्याध्यापकांनी त्यांना तंत्राची आवड आहे असं ऐकून ऑनलाइन माहिती भरायचं काम दिलं. खिचडी किती जणांनी खाल्ली, किती तांदूळ लागला, किती मुलं हजर. निवृत्त होईपर्यंत ते तेच भरत होते, एका बोटानं. ब्लॉगला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. मी एकदा म्हटलं, इथे सुरू करा की, इथे तर सोय आहे. ते म्हणाले, "इथची भिंत ऑइल पेंटची हाये, बाई. खडू धरत नाई."

मग, मी निघाले तेव्हा, दारापर्यंत आले. "एक विचारू का? दाखवाच्या आधी तुमी वाचलं होतं का सगळं?"

"नाही," मी म्हटलं.

"ठीक हाये." एवढंच. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला अनेकदा वाटलंय.

निवृत्तीनंतर ते आरमोरीला गेले आणि मागच्या उन्हाळ्यात वारले. मला उशिरा कळलं. त्यांच्या घरी जाऊन आले. फोन कुठे आहे म्हणून विचारलं. मुलगा म्हणाला, बंद पडला होता, भंगारात दिला. डबा स्वयंपाकघरात होता, त्यात मीठ ठेवलं होतं.

या पावसाळ्यात एटापल्लीच्या आठवडी बाजारात एक मुलगी वास्ते विकत बसली होती. बांबूचे ते कोवळे कोंब मला आवडतात म्हणून थांबले. तिनंच मला ओळखलं. "तुमी त्या कमेंटवाल्या बाई ना जी?"

जैनी आता सतरा-अठराची असेल. नजर तशीच सरळ. गुरुजी गेल्याचं तिला माहीत होतं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. गावात आता खराच टॉवर आलाय, घरबसल्या रेंज मिळते, शाळेच्या खोलीत तेंदूपत्त्याचे बोरे ठेवतात, असं तिनं सांगितलं. मी विचारलं, "लिहितेस का काही?"

तिनं वास्ते पानात गुंडाळले. "नाई जी."

"का?"

"मी लिवलं अन् शाळा बंद झाली. आता पुन्हा काऊन लिवू?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं ते वास्त्यांचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"तुझ्या लिहिण्यानं नाही झाली," मी म्हटलं.

"गुर्जी बी असंच म्हनत होते," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्या रविवारी दुपारी मी ब्लॉग उघडला. तो अजून आहे. असले ब्लॉग कुणी बंद केल्याशिवाय बंद होत नाहीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, एकही नोंद न सोडता. तीन तास लागले. मार्चच्या त्या बुधवारी पोहोचले. बैठकीत साहेब जिथे थांबले होते, त्याच्यापुढे तीन ओळी होत्या. 'मी संपादक आहो म्हनून भिंत सोडली नाई. शेळीनं खडू खाल्ला. गुर्जी आले का मी त्याईले दाखवीन.' फोटो मोठा करून पाहिला. शेवटच्या दोन ओळी पांढऱ्या नव्हत्या, लालसर होत्या.

खाली कमेंटची जागा रिकामी होती. मी लिहिलं : 'जैनी, शेळीनं खडू खाल्ल्यावर शेवटच्या दोन ओळी तू कशानं लिहिल्यास? विटेच्या तुकड्यानं का?' खाली माझं नाव टाकलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली : आपली टिप्पणी मंजुरीनंतर दिसेल.